घरात गंभीर मानसिक आजार असेल तर: गावाकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, बावीस वर्षं झाली. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. त्याच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला दवाखान्याच्या बाकावर बसता बसता ओळखी झाल्या, नंबर दिले-घेतले गेले. आता पुसद, दर्यापूर, अहेरी, कुठूनही विचारणा येते, आणि प्रश्न फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी डॉक्टर नाही. कोणती गोळी आणि किती, हे मला विचारू नका.

१. माहा पोट्टा एकटाच बोलते, हासते, रातभर झोपत नाई. हे बाहेरचं हाय का बिमारी हाय?

बिमारी आहे. ज्याला आपण बाहेरचं म्हणतो त्यातल्या बहुतेक खुणा डॉक्टरांच्या पुस्तकातही आहेत, फक्त नावं वेगळी. कोणी नसताना आवाज ऐकू येणं, कोणीतरी पाळत ठेवतं असं वाटणं, बोलण्याचा धागा तुटणं, आठ-आठ दिवस झोप नसूनही न थकता हिंडणं. स्किझोफ्रेनिया, बायपोलर (कधी उधाण, कधी उदासी) आणि खोल नैराश्य ही यातली मोठी तीन नावं. सुरुवात बहुधा सोळा ते तिशीच्या दरम्यान होते. बारावी, नोकरी, लग्न याच वयात येतं, म्हणून घरचे ‘पेपर कठीण गेला’ किंवा ‘पोरीनं नाही म्हटलं’ हेच कारण धरून बसतात. ताणानं आजार उसळू शकतो, पण आईनं फार लाड केले म्हणून तो होत नाही. आयांनी हे दोनदा वाचावं.

मात्र बडबड दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाली असेल आणि सोबत ताप, झटके, डोक्याला मार असेल, किंवा रोजची दारू एकाएकी बंद झाल्यावर थरथर आणि भास सुरू झाले असतील, तर थांबू नका. साठीनंतर पहिल्यांदाच असं झालं तरीही तेच. ही शरीरातली गडबड असू शकते. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

२. सासरे म्हणतात आधी देवाचं करू, मग डॉक्टरकडे जाऊ. काय सांगू?

दोन्ही एकाच आठवड्यात करा म्हणा. अंगाऱ्यावरून सासऱ्यांशी भांडण्यात सहा महिने जातात, आणि या आजारात उशीर महागात पडतो. उपचाराविना जितके दिवस जातील तितकं सावरणं जड होतं. माझ्या आईनं भावाच्या उशाशी लिंबू ठेवलं होतं, गोळ्यांची डबीही तिथंच होती. मेळघाटात माणसं आधी भुमकाकडेच, म्हणजे तिथल्या भगताकडे जातात, आणि ‘याले दवाखान्यात न्या’ असं भुमकानं सांगितलं तर ते डॉक्टरपेक्षा जास्त ऐकलं जातं. म्हणून त्याला शत्रू करू नका.

पण भूत काढायच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं, दोरी-साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आहे. ‘गोळ्या बंद केल्या तरच गुण येईल’ असं कोणी म्हटलं की उठून यायचं. नवसाला कोंबडं-बकरं कापू नका, हे गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातून निघून गावोगाव सांगत फिरले. सासरे कीर्तनाला जाणारे असतील तर त्यांना ते आठवून द्या.

३. पहिल्यांदा न्यायचं तर नेमकं कुठं?

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी येतं. नाहीतर जिल्हा सामान्य रुग्णालय. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहेत. वर्ध्याकडच्या लोकांना सेवाग्राम आणि सावंगी जवळ. घरून निघायच्या आधी बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६. रात्रंदिवस, फुकट, मराठीत.

सकाळची पहिली एसटी धरा, केसपेपर दुपारपर्यंतच निघतो. एका वहीत लिहून न्या: कधीपासून, झोप किती, जेवण किती, आधी कोणत्या गोळ्या, घरात आणखी कोणाला. डॉक्टरसमोर घाईत निम्मं विसरायला होतं. आणि खुर्चीवर त्याला बसू द्या. माणूस बाकावर कोपऱ्यात आणि सगळी हकिकत भावजय सांगते आहे, असं दर महिन्याला दिसतं.

४. ‘मी काय पागल आहे?’ म्हणतो, दवाखान्यात यायलाच तयार नाही.

आपल्याला आजार आहे हे न कळणं, हाच पुष्कळदा या आजाराचा भाग असतो. त्याला तो हट्ट वाटत नाही. म्हणून ‘तू आजारी आहेस’ हे पटवायच्या नादी लागू नका. त्याला स्वतःला काय सलतं ते धरा: झोप येत नाही, डोकं दुखतं, छाती धडधडते. ‘झोपेसाठी दाखवून येऊ’ हे खोटं नाही. आमच्याकडे भाऊ दवाखान्याच्या नावानं चिडायचा, पण अकरा रात्री जागून त्याच्याच डोळ्यांची आग व्हायला लागली होती. डोळ्यांसाठी निघाला.

‘मामाकडे जाऊ’ असं फसवून मात्र नेऊ नका. एकदा जमतं. पुढची वीस वर्षं तो तुमच्यासोबत एसटीत बसत नाही. तो न येताही घरचं कोणी जाऊन डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतं. जीवाला धोका असेल तर प्रश्न १२ आणि १४ पाहा.

५. शेजारी आपल्या विहिरीत विष टाकते, म्हणते. त्याले हो म्हणू का नाई म्हणू?

दोन्ही नको. हो म्हटलं तर भीती पक्की होते, नाही म्हटलं तर तुम्हीही शेजाऱ्याला सामील. विष खरं आहे की नाही हा वाद सोडून द्या. त्याला वाटणारी भीती खरी आहे, तिच्याशी बोला.

भावाला वाटायचं की गावातला मोबाइलचा टॉवर त्याच्या डोक्यातलं ऐकतो. पहिली दोन वर्षं मी मास्तरीण होते: टॉवर कसा चालतो, लहरी कशा जातात, फळ्यावर काढल्यासारखं समजावायचे. तो आणखी लांब बसायचा. मग कधीतरी थकून म्हटलं, “मले काई आयकू येत नाई. पण तुले भेव वाटून रायलं ना? मी इथंच हावो.” आणि छपरीत तांदूळ निवडत बसले. तासाभरानं तो येऊन खडे वेचायला लागला. टॉवर तिथंच राहिला, अजून आहे.

हळू बोला, एका वेळी एकच वाक्य, एका वेळी एकानंच. टीव्ही बंद. समोर उभं राहून नाही, बाजूला बसून. स्वयंपाकघरात कुजबुज करू नका. संशय असलेल्या माणसाला कुजबुज फार लांबून ऐकू येते. आणि त्याच्याबद्दल त्याच्यासमोर तिसऱ्याशी बोलू नका. एकदा मामी आल्या. चहा ठेवताना मला विचारलं, “साखर चालते का याले?” भाऊ चार महिने कोणा पाहुण्याशी बोलला नव्हता. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, “मलेच विचारा ना, मामी.” आमच्या घरात तेव्हापासून तोच नियम आहे, आणि खालच्या बहुतेक उत्तरांत तोच पुन्हा पुन्हा येईल.

६. गोळ्या किती दिवस? बरा वाटतोय, आता बंद करू?

बरा वाटतोय तो गोळ्यांमुळे. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या झटक्यानंतरही साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवायला सांगतात. आजार उलटत असेल तर पुष्कळ वर्षं. बंद करायच्या असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीत, हळूहळू कमी करत. आपल्याकडे गोळ्या सुटतात त्या पेरणीच्या आणि सवंगणीच्या दिवसांत, कारण एसटीनं जायला माणूस मोकळा नसतो. एका सरकारी दवाखान्यात आम्हाला सलग दोन महिने ‘गोळी आली नाही’ ऐकायला मिळालं. तेव्हापासून घरात पंधरा दिवसांचा साठा जास्तीचा ठेवतो. रोजची गोळी जमत नसेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि घ्यायचं का ते त्याला विचारा.

७. भाजीत कालवून गुपचूप दिल्या तर चालेल का?

आम्ही केलं आहे, म्हणून सांगते. पिठल्यात चुरून द्यायचो. सात आठवडे चाललं, तो सुधारलाही. एका रात्री घासात पांढरा कण आला. त्यानं तो बोटावर घेतला, दिव्यासमोर धरला, ताट सरकवून उठला. पुढं अकरा दिवस घरचं शिजवलेलं काही खाल्लं नाही. दुकानातून स्वतः आणलेले फुटाणे, स्वतः सोललेली केळी, स्वतः शेंदलेलं पाणी. ज्याला आधीच वाटत होतं की अन्नात काहीतरी टाकतात, त्याचं म्हणणं आम्ही खरं करून दाखवलं होतं.

तोड कशी निघाली? आई त्याच्यासमोर ताटली घेऊन बसली आणि म्हणाली, “चुकलं माहं.” मग ठरलं की पाकीट तो फोडेल, गोळी तो मोजेल, वहीत खूण तो करेल. अजून तसंच चालतं. लपवून देण्यात दुसरीही अडचण आहे: डोस कमी-जास्त होतो, त्रास झाला तर तो सांगू शकत नाही, आणि कधी सुटली ते कोणालाच कळत नाही.

८. इंजेक्शन दिल्यावर मान वाकडी झाली, डोळे वर गेले. अंगात आलं का?

नाही. काही औषधांनी, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, मानेचे, जबड्याचे, डोळ्यांचे स्नायू आखडतात. दिसायला भयंकर, पण दवाखान्यात दुसरं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात सुटतं. लगेच न्या. हात थरथरणं, चाल आखडणं, एका जागी बसवत नाही म्हणून येरझारा घालणं, हेही औषधाचंच असू शकतं. या येरझाऱ्यांना घरचे ‘पुन्हा बिघडला’ समजून गोळी वाढवून मागतात, तिथं घोळ होतो. वजन वाढतं, साखर वाढू शकते, तपासत राहा.

ताप जोराचा, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपलेलं, असं एकत्र दिसलं तर रात्र असली तरी १०८. क्लोझापिन नावाची गोळी चालू असेल तर रक्ततपासणी चुकवायची नाही. पहिले १८ आठवडे ती दर आठवड्याला असते. आणि ही गोळी घेताना ताप किंवा घसा दुखणं आलं तर साधी सर्दी समजून घरी बसू नका.

९. उन्हाळ्यात तो फार गळून जातो. गोळ्या उष्ण पडतात का?

‘उष्ण पडतात’ हा आपला शब्द, पण शंका योग्य आहे. यातल्या काही गोळ्यांनी, आणि हातकापऱ्यासाठी देतात त्या गोळीनंही, घाम कमी येतो आणि अंगाची उष्णता बाहेर पडत नाही. त्यात आपल्याकडचा ४५ अंशांचा मे महिना. नवतप्यात त्याला दुपारी शेतात पाठवू नका, तहान लागो न लागो पाणी द्या, डोक्याला दुपट्टा.

लिथियम नावाची गोळी चालू असेल तर जास्तच जपा. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. उलट्या-जुलाब, हात जोरात कापणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं दिसलं की पुढची गोळी थांबवून तसंच दवाखान्यात. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नका, त्यांनीही लिथियम चढतं. उपासाच्या दिवशी मीठ-पाणी तोडायचं नाही. आषाढीला आमच्याकडे यावरून दरवर्षी चर्चा होते, आणि दरवर्षी भाऊच सांगतो, “पांडुरंग काई म्हनत नाई.”

१०. भास गेले, पण आता दिवसभर पडून राहतो. अंघोळही सांगावी लागते. आळशी झाला का?

आवाज आणि संशय हे आजाराचं मोठ्यानं दिसणारं अंग. ऊर्मी आटणं, बोलणं कमी होणं, चेहरा कोरा राहणं हे शांत अंग, आणि ते जास्त दिवस टिकतं. टोमणे मारून ते जात नाही. टोमण्यांच्या घरात आजार जास्त वेळा उलटतो, हे जगभर तपासलेलं आहे.

काम द्या, पण छोटं, ठरलेल्या वेळेचं आणि खरं. ‘काहीतरी कर’ हे काम नाही. ‘सहा वाजता गाईला पाणी’ हे काम आहे. भाऊ आधी फक्त बादली उचलायचा. मग गोठा. आता पोळ्याला बैलांची शिंगं तोच रंगवतो, आणि रंग आम्ही ठरवलेला त्याला चालत नाही. मजुरी कोणाच्या शेतात केली तर पैसे त्याच्या हातात द्यायला सांगा. ‘पागल आहे, जेवू घातलं की झालं’ म्हणून राबवून घेणारे प्रत्येक गावात दोन-तीन निघतात.

११. कपाशीच्या दिवसांत सगळं घर शेतात असतं. एकटं सोडलं तर निघून जातो, म्हणून साखळी लावतो. दुसरा उपाय काय?

मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. आम्हीही त्याला तीन रात्री दोरीनं खाटेला बांधलं होतं. तेव्हापासून तो खाटेवर झोपत नाही. बावीस वर्षं झाली, चटई टाकून जमिनीवरच.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला साफ मनाई केली आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांमुळे पळता न आल्यानं २८ जण जळून मेले. घरात कुलूप लावून सगळे वावरात गेले आणि चुलीची ठिणगी उडाली, तर तेच.

उपाय एक नाही, पाच-सहा मिळून एक होतो. बहुतेकांचं निघून जाणं उपचार नीट बसले की कमी होतं, म्हणून आधी दवाखाना, इंजेक्शनबद्दल विचारणं (प्रश्न ६). सदऱ्याच्या आत, कॉलरखाली, घरचा फोन नंबर दोऱ्यानं शिवून टाका. एसटी थांब्यावरचा चहावाला, पानठेलेवाला, शाळेचा शिपाई यांना सांगून ठेवा: “इकडं आला तर बसवून घ्या, चहा पाजा, फोन करा.” आमचं गाव हे करतं, आणि त्यात कोणाला मोठेपणा वाटत नाही. शक्य असेल त्या दिवशी वावरात सोबत न्या, सावलीत बसला तरी चालतं. हरवलाच तर पोलिसांत लगेच तक्रार द्या. चोवीस तास थांबायचा नियम नाही.

आज साखळी लागलेली असेल तर पायाची जखम आधी दाखवा. काढायचा दिवस उपचार सुरू करायच्या दिवसाशी जोडा, आणि त्या आठवड्यात घरात एक माणूस थांबेल असं बघा.

१२. अंगावर धावून येतो तेव्हा काय करायचं?

आधी हे: हा आजार असलेली बहुतेक माणसं कोणाला मारत नाहीत, मारच जास्त खातात. पण आजार चढलेला असताना, त्यातून दारू किंवा गांजा असेल तर, धोका असतो. विळा, कुऱ्हाड नजरेआड. पोरांना शेजारी पाठवा. दार अडवू नका, त्याच्या आणि तुमच्या दोघांच्याही बाहेर जायच्या वाटा मोकळ्या ठेवा. चार गडी बोलावून घेरू नका, त्यानं तो जास्त भितो. आटोक्यात नसेल तर ११२ आणि १०८, आणि फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की मानसिक आजार आहे, गुन्हेगार नाही. अशा वेळी जवळचा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंतचा तातडीचा उपचार देऊ शकतो, मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही.

१३. बायको ‘आता मरून जातो’ म्हणते. विचारलं तर डोक्यात भरेल ना?

भरत नाही. सरळ विचारा: “जीव द्यायचं मनात येते का? कसं, ठरवलं का?” विचारणाऱ्यापाशी माणूस मोकळं होतं. ठरवलंय म्हटलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना, वाटेत १४४१६.

फवारणीची औषधं घरात ठेवू नका. ठेवावीच लागली तर कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्यांचा महिन्याचा साठाही त्या दिवसांत तुमच्याकडे. मरणाची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी डबा नसला की जीव वाचतो. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे जास्त जपायचे, ‘आता बरी झाली’ म्हणून सगळे सैल पडतात तेव्हा.

विष घेतलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. १०८ बोलवा, डबा सोबत न्या. पोलिस केसच्या भीतीनं ‘चुकून प्यायली’ सांगू नका, डॉक्टरांना खरं कळलं तरच औषध बरोबर पडतं. २०१७ च्या कायद्यानुसार असं करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालत नाही.

१४. नागपूरला नेऊन टाका म्हणतात लोक. भरती किती दिवस, सही कोणाची?

‘टाका’ हा शब्द आधी टाका. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे, त्याची गोष्टही आपल्याकडे तितकीच जुनी: गेला तो गेला. आता तसं नाही. तो स्वतः तयार असेल तर स्वतःच्या सहीनं भरती होतो. तयार नसेल आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल, किंवा स्वतःला अजिबात सांभाळू शकत नसेल, तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. कोणी नेमलेला नसेल तर बहुधा घरचंच माणूस. दोघं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासतात, आणि ही भरती ३० दिवसांपर्यंत. पुढं वाढवायची तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते.

घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणानं कोणाला आत ठेवता येत नाही. भरती असताना दर आठवड्याला कोणीतरी जा, निदान फोन करा. दवाखान्यातून सोडायच्या दिवशी घरातल्यांनी ‘नंबर बंद’ ठेवणं, हे मी बाकावर बसून पाहिलं आहे. शॉक द्यायचा म्हणाले तर घाबरू नका. भूल देऊन देतात. भुलीशिवाय देणं कायद्यानं बंद आहे.

१५. लग्न करून दिलं तर सुधारेल का?

नाही. लग्न हा उपचार नाही. आजार आवरलेला असेल आणि दोघांना सगळं माहीत असेल तर लग्न होऊ शकतं, टिकलेलीही मला माहीत आहेत. लपवून केलं तर पोरगी दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या शोधून काढते, आणि फसवणूक म्हणून असा विवाह कोर्टात रद्द मागता येतो. आधी त्याला विचारलं का, लग्न करायचं का म्हणून?

१६. सुनेला हा आजार आहे. माहेरी पाठवून दिली तर? आणि मूल होऊ नये म्हणून ऑपरेशन?

ऑपरेशनचं आधी: मानसिक आजारावर उपचार म्हणून नसबंदी करायला २०१७ च्या कायद्यात बंदी आहे. बाईच्या मनाविरुद्ध असा विचारही करू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. वॅलप्रोएट ही गोळी गर्भाला घातक आहे, ती बदलावी लागते. दिवस गेल्याचं कळल्यावर स्वतःच सगळ्या गोळ्या तोडणं हेही धोक्याचं. बाळंतपणानंतरचे काही आठवडे आजार उसळण्याचे. रात्रीचं जागरण दुसऱ्या कोणी घ्या, बाळाजवळ कोणी असू द्या.

माहेरी पाठवणं ही आपल्याकडची जुनी रीत. पुरुष आजारी पडला तर बायको सांभाळते, बाई आजारी पडली तर गाठोडं. तिचं मूल हिरावून घेऊन पाठवलं असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन करा.

१७. अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळतं का? पैसे?

मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. ऑनलाइन अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. ४० टक्क्यांपुढे बहुतेक सवलती लागू होतात. तपासताना चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, नाती, बोलणं-समजणं, काम, शिवाय आजार किती वर्षांचा. इथं आया घात करतात. “अंघोळ करतो का?” “हो जी, सगळं करते माहा लेक.” अभिमानानं सांगतात आणि टक्के कमी पडतात. खरं सांगा: सांगितलं तरच करतो.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये. खातं त्याच्या नावानं काढा, पैसे आले की त्याच्या हातात काही ठेवा. ‘निरामय’ विमा मात्र या आजाराला लागू नाही. तो बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व यांची गल्लत कार्यालयातही होते.

१८. वेडा आहे म्हणून भाऊबंद सातबाऱ्यावरून नाव कमी करू म्हणतात. चालेल का?

नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ प्रमाणे आजारामुळे कोणाचा वारसाहक्क जात नाही. मानसिक आजार आहे म्हणजे माणूस कायद्यानं ‘असमर्थ’ ठरला असंही नाही. ते कोर्टानंच ठरवायचं. त्याच कारणानं मतदानाचा हक्कही जात नाही. किचकट भाग सहीचा आहे. भान नसताना करून घेतलेलं खरेदीखत टिकत नाही, पण भानावर असताना त्यानं समजून केलेली सही चालते. म्हणजे त्याला दारू पाजून तहसीलला नेणारा पुतण्या आणि स्वतःहून बहिणीला हिस्सा देणारा भाऊ, दोघांना कायदा एकाच मापानं मोजत नाही. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या.

१९. थांब्यावर एक अनोळखी बाई आठवडाभर बसलेली आहे, केस जट झालेले, काहीबाही बोलते. काय करावं?

पाणी, खायला, आणि अंगावर पांघरूण, तिला विचारून. फोटो काढून फिरवू नका. पोलिस ठाण्यात कळवा. अशी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षण देणं आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला नेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेवारस असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. ‘आमचं काम नाही’ म्हणाले तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०० म्हणा. बाई असेल तर महिला पोलिस मागा, आणि रात्र व्हायच्या आत कळवा. रात्री काय होतं ते सगळ्या गावाला माहीत असतं.

२०. माह्यामागं याचं कोन पाहीन?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, बहुधा रात्री दहानंतर. यावर पूर्ण उत्तर नाही, कामं आहेत. एकाच माणसावर सगळं ठेवू नका. पुतणी, शेजारी, आशाताई यांना आत्तापासून थोडं थोडं शिकवा, गोळ्यांची वही दाखवा. जमिनीचं आणि घराचं मृत्युपत्र करून ठेवा. तुमची स्वतःची झोप आणि बीपी तपासा, वर्षातून चार दिवस कोणाकडे तरी जाऊन या. सुरुवातीला अपराधी वाटतं, दुसऱ्या दिवशी कमी.

आणि तो भानावर असताना त्याच्याकडून लिहून घ्या. कायद्यात याला आगाऊ सूचना म्हणतात: पुढं आजार चढला तर कोणता उपचार हवा, कोणता नको, आपल्या वतीनं कोणी बोलावं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नमुना दवाखान्यातल्या समाजसेवकाला मागा. तातडीच्या उपचाराला (प्रश्न १२) ती लागू होत नाही, बाकी वेळी डॉक्टरांना ती बघावीच लागते.

भावानं गेल्या दिवाळीनंतर लिहिली. दोन दिवस लागले. मी शेजारी बसले होते, पण पेन त्याच्याकडे. ‘मले बांधू नये. इंजेक्शन देतानी ताईले बाजूले उभं ठेवावं. ताई नसन तर पुतणीले. टॉवरच्या बाजूची खिडकी लावून घ्यावी.’ सही केली, कागद माझ्याकडे दिला, परत मागून घेतला आणि खाली आणखी एक ओळ टाकली: ‘चहात साखर दोन चमचे.’